जनू की इस्माईल

पंच बसून वाद घालत नसत. वाद सुरू झाला की ते उठून उभे राहत, दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि दुबईच्या करामा भागातल्या आमच्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून पुढे-मागे चालू लागत. नजर मात्र बोलणाऱ्याच्या पायांवर. बोलणारा चटईवर मांडी घालून बसला आहे, त्याचे पाय कुठे जाणार नाहीत, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण उमेदीची वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून काढलेला माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघायला शिकत नाही. खोलीत पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटे, आपल्या मोज्याला भोक पडलंय की काय. तो बिचारा पाय मांडीखाली ओढून घेई आणि पंच वैतागत, कारण आता त्यांना काहीच दिसत नसे.

त्यांचं खरं नाव हसन मुकादम. आमची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या बंदरातले, गावाकडे कबड्डीच्या सामन्यांचे पंच. पण दुबईत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. ज्या लाँड्रीची पिकअप ते चालवत, तिचा मल्याळी मालकसुद्धा 'पंच' म्हणे, आणि ते त्यांचं आडनाव आहे अशी त्याची शेवटपर्यंत समजूत होती. पिकअपच्या मागच्या बाजूला लोखंडी दांड्यावर इस्त्रीचे शर्ट ओळीने टांगलेले असत. सिग्नलच्या पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे पंच गाडी अशी थांबवत की चाक केसभरही पट्टीवर येऊ नये. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला तरी यांना पट्टी आधी. "रेषा म्हंजे रेषा," एवढंच ते म्हणत. शेजारी बसून कुठे वेळेवर पोहोचायचं असलं की मला त्यांचा फार राग यायचा.

नव्वद साली मी दुबईत ड्राफ्ट्समन म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच शुक्रवारी पंचांनी मला हुडकून काढलं. लाँड्रीत टाकलेल्या माझ्या शर्टाच्या कॉलरमध्ये आमच्या तालुक्याच्या शिंप्याचं लेबल होतं. ते वाचून शर्ट घेऊन ते स्वतः जिना चढून वर आले आणि दारातच विचारलं, कुठल्या कॉलेजचा. मी सांगितलं. मग शर्ट माझ्या हातात न देता ते आत येऊन बसले आणि दुसरा प्रश्न विचारला, "जनू की इस्माईल?"

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आमचं कॉलेज खाडीकाठच्या तालुक्याच्या गावातलं, विद्यापीठाच्या कुठल्याही कौतुकात कधी नाव न आलेलं. इमारत बरी, निकाल बेताचे. पण कबड्डीचा संघ असा की मुंबईची कॉलेजं आमच्याशी सामना पडला की आधी पाणी प्यायला जायची, असं आम्ही दुबईत बसून एकमेकांना सांगत असू. या संघात आजवर झालेला सर्वांत मोठा चढाईपटू कोण, हा प्रश्न आमच्यात खुला होता. नावं बरीच घेतली जात, पण शेवटी गाडी दोघांवर येऊन थांबे. एक जनार्दन म्हात्रे, मिठागराच्या गावचा. ठेंगणा, काळासावळा, चढाईला जाताना झोपेतून उठल्यासारखा चालायचा आणि परत येताना दिसायचाच नाही. दुसरा इस्माईल, बंदरातला, बापाच्या होडीवर वाढलेला. लांब पाय, आणि डाव्या पायाची मागची लाथ अशी की कोपऱ्यातल्या गड्याला आपण बाद झालो हे पंचाच्या शिट्टीनंतर कळायचं. जनूने संघाला पाच वर्षं दिली, कारण त्याला पहिल्या वर्षाची परीक्षा लवकर सुटली नाही. इस्माईलने दोनच वर्षं दिली आणि मग बोटीवर नोकरी धरून निघून गेला. म्हणजे वादाला खाद्य भरपूर.

दर शुक्रवारी दुपारी, नमाज आणि जेवण आटोपलं की माझ्या खोलीत आम्ही चौघे जमायचो. पंच, मी, भोईर आणि नझीर. भोईर हा जनूच्याच गावचा, आडदांड, एका कंत्राटी कंपनीत फोरमन. नझीर बंदरातला, पंचांचा लांबचा भाचा, बर दुबई या भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा. त्याची बायको-मुलं इथेच होती, त्यामुळे डबा त्याच्या घरून येई. मी तालुक्याच्या गावचा, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा असलेला आणि दोन्ही बाजूंना न भरवशाचा.

पण या वादाला पंचांनी एक नियम घातला होता, आणि त्या नियमामुळेच ते मला जन्मभर आठवत राहिले आहेत. आपल्या गावच्या माणसाची बाजू आपण घ्यायची नाही. गावाकडे कबड्डीत त्यांनी तो पाळला होता. बंदराचा संघ मैदानात उतरला की हे शिट्टी दुसऱ्याच्या हातात देत आणि पार पलीकडे जाऊन शेंगा खात बसत. तोच नियम त्यांनी करामाच्या खोलीत आणला. म्हणून बंदरातले पंच आणि नझीर जनूसाठी भांडत आणि जनूच्या भावकीतला भोईर इस्माईलसाठी. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला तो वेडेपणा वाटला. पंच म्हणाले, "आपला माणूस आपल्याला चांगला दिसतोच. त्यात तू काय मोठं बघलंस? दुसऱ्याचा चांगला दिसतो का, ते मना सांग."

भोईरची सुरुवातीला फार पंचाईत झाली होती म्हणे. इस्माईलचं नाव घ्यायचं म्हणजे त्याच्या घशात घास अडकायचा. लहानपणापासून गावात जनूचा जयजयकार ऐकलेला माणूस. पण आठवडाभर साइटवर उन्हात उभं राहून शुक्रवारसाठी इस्माईलचे गुण शोधायचे, तर शोधणाऱ्याला ते सापडू लागतातच. मी आलो तोवर भोईर इस्माईलचा असा वकील झाला होता की त्याचं बोलणं ऐकून बंदरातली माणसंही लाजली असती. इस्माईल दम कसा धरायचा, 'कबड्डी कबड्डी' हा आवाज सुरुवातीला किती खाली असायचा आणि परतताना कसा चढत जायचा, हे भोईर स्वतः म्हणून दाखवी. म्हणता म्हणता त्याचा चेहरा लालबुंद होई आणि पंच भिंतीकडेने चालत त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहत, दम कुठे तुटतोय ते पाहायला. मग आपली पाळी आली की ते जनूची उडी काढत. पकडायला आलेल्या दोघांच्या खांद्यांवरून जनू कसा गेला आणि खाली पडताना हात मध्यरेषेवर कसा टेकला, हे सांगताना त्यांचा आवाज बारीक होत जाई. नझीर आळशी. "जनू बेस्ट था, खलास," एवढं बोलून तो लोडाला टेके आणि पंच त्याला ताकीद देत.

ऐकीव गोष्ट त्यांना चालत नसे. "कानांनी बघितलेला नको, डोळ्यांनी बघितलेला सांग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या थोरल्या भावाने सांगितलेला इस्माईलचा एक पराक्रम मी एकदा आपणच पाहिल्याच्या थाटात रंगवला. पंचांनी सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, मैदानाच्या कुठल्या बाजूला उभा होतास. मी म्हटलं, खाडीच्या बाजूला. तर म्हणाले, त्या दिवशी त्या बाजूला चिखल होता, तिथे माणूस उभाच राहू शकत नव्हता. पुढचे दोन शुक्रवार मला बोलायला बंदी.

हा नियम ते इतरत्रही लावायचे. आमच्या खोलीतल्या दोघांत भाताच्या पातेल्यावरून जुंपली होती. एक म्हणे घासायची पाळी तुझी, दुसरा म्हणे तुझी, आणि पातेलं सिंकमध्ये वास मारत पडलेलं. पंचांनी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि पहिल्याला दुसऱ्याची बाजू मांडायला लावली. तो चिडूनच बोलायला लागला, पण निम्म्यात येऊन हसला आणि स्वतःच पातेलं घासायला गेला. आम्ही सगळे पंचांकडे कौतुकाने बघत होतो. पंच मात्र त्या दुसऱ्यावर चिडले होते, कारण त्याला बोलायची संधीच मिळाली नाही आणि सामना अर्धवट सुटला.

मग ब्याण्णवच्या डिसेंबरात अयोध्येत जे व्हायचं ते झालं, आणि जानेवारीत मुंबईत जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला ते तुकड्या-तुकड्याने कळत होतं. शिळ्या वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरच्या एखाद्या मिनिटातून, आणि टेलिफोन बूथच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून. करामात एका मजल्यावर, एका संडासाच्या रांगेत आम्ही हिंदू-मुसलमान वर्षानुवर्षं राहत होतो. कुणी कुणाला काही बोललं नाही. तोंड उघडलं तर सरळ विमानात बसवतील ही भीती सगळ्यांना सारखी होती. पण रांगेतली माणसं एकमेकांना आधी जायला सांगू लागली. एरवी संडासासाठी दार ठोकून शिव्या देणारे लोक 'तुम्ही जा, तुम्ही जा' म्हणू लागले, आणि मला त्याची शिव्यांपेक्षा जास्त धास्ती वाटली.

पंचांच्या धाकट्या भावाची मुंबईत बेकरी होती. ती जळली. भाऊ मागच्या भिंतीवरून उडी मारून वाचला आणि बायको-पोरांना घेऊन बंदरात परत आला. भोईरच्या मेहुण्याला कामावरून घरी येताना सुरा लागला होता. तो हॉस्पिटलातून घरी आला, पण त्याचा एक हात कामातून गेला. ही दोन्ही वर्तमानं एकाच आठवड्यात आमच्या खोलीत पोहोचली. मध्ये तीन-चार शुक्रवार कुणी जमलंच नाही. नझीर आजारी, भोईरला ओव्हरटाइम, मला कपडे धुवायचे. सगळ्यांकडे कारणं होती.

आणि मग एका शुक्रवारी पंचांनी सगळ्यांना निरोप धाडले. कुणाला लाँड्रीच्या पुडक्यावर चिठ्ठी, कुणाला दुकानात फोन. चौघेही आलो. जेवण झालं, म्हणजे ताटं रिकामी झाली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तेव्हा पंच उठले, हात पाठीमागे बांधले आणि चालू लागले. मैदानात गडी जखमी झाला की खेळ थांबतो, त्याला बाहेर नेतात, आणि मग पंच शिट्टी वाजवतो की खेळ जिथे थांबला होता तिथून सुरू होतो. त्यांचा हिशोब तसा होता. मला वाटतं आयुष्यात त्यांचा निर्णय कधी एवढा मोठा चुकला नसेल. ते जनूबद्दल बोलू लागले. जनूचा डावा हात, जनूचं वाकणं, जनू कसा कुणाच्या नजरेला नजर देत नसे. चांगलं बोलत होते. नेहमीपेक्षाही चांगलं.

ते थांबले. आता भोईरने इस्माईलसाठी उभं राहायचं. भोईर चटईकडे बघत होता. मग फार हळू आवाजात, आणि मी शपथेवर सांगतो, फार मायेने तो म्हणाला, "पंच, आता जनूचं कशाला बोलता? तुमाला तशी काय गरज नाय. इथं तुमाला कोण काय करनार नाय. आमी हाव ना."

भोईरला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. तो त्यांना धीर देत होता. मोठ्या भावासारख्या माणसाला तो सांगत होता की माझ्यापुढे तुम्हाला घाबरायचं कारण नाही. पण त्या एका वाक्याने पंचांची इतकी वर्षं उलटी झाली. जनूसाठी घातलेला प्रत्येक वाद आता भीतीने घातलेला ठरत होता. नझीर ताठ बसला आणि म्हणाला, "सुन लिया, मामू? हे समजतात असं. आता तरी आपल्या माणसाचं नाव घ्या." पंचांनी आधी भोईरकडे पाहिलं, मग नझीरकडे. पायांकडे नव्हे, तोंडाकडे. एक हात आडवा आणि दुसरा त्याखाली उभा धरून त्यांनी वेळ थांबवल्याची खूण केली आणि ते ताटं उचलून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. भोईर मला विचारत होता, मी काय वाईट बोललो.

त्यानंतर शुक्रवार सुरू राहिले, पण तो विषय निघेना. आम्ही व्हिसाबद्दल बोलायचो, उकाड्याबद्दल बोलायचो, पापलेट कुठे ताजं मिळतं यावर बोलायचो. पंच आता बसून बोलत. त्यांना बसलेलं बघून मला कसंतरीच व्हायचं.

एकदाच त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. त्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी, काही न सांगता, ते उठले आणि इस्माईलची बाजू मांडू लागले. स्वतःचाच नियम मोडून. नझीरच्या शब्दाखातर, की भोईरने त्यांच्यात पाहिलेली भीती खोटी पाडायला, ते त्यांनाच ठाऊक. सुरुवात त्यांनी झोकात केली. पण मी बघत होतो, नझीर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता आणि ती मान काही इस्माईलच्या लाथेसाठी डोलत नव्हती. आणि भोईर, जो एरवी दर वाक्याला 'छट्' म्हणून आडवा आला असता, तो हात मांडीवर ठेवून, एखाद्याच्या घरी शोक करायला आल्यासारखा गप्प ऐकत होता. मध्येच 'हो, हो, खरं आहे' म्हणत होता. पंचांनी एक वाक्य अर्धं सोडलं. "पुढचा आठवत नाय," म्हणाले आणि खाली बसले. मला तेव्हा ते निमित्त वाटलं.

पुढे भोईर रुवैसला गेला. तिथल्या रिफायनरीत कंपनीला मोठं काम लागलं होतं आणि तिकडून दुबईत यायचं म्हणजे वाळवंटातून अर्धा दिवस. ईदला त्याचा फोन येई, पंचांचा दिवाळीला जाई. दोघांत भांडण असं कधी झालंच नाही, आणि न झालेलं भांडण मिटवायचं कसं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नझीरने दुकान बदललं, मग शहरही बदललं. शुक्रवारी मी आणि पंच दोघेच उरलो. आम्ही चांगले जेवायचो. कधी मी मुद्दाम कबड्डीचा विषय काढला तर ते ऐकून घेत आणि म्हणत, "यल्ला, चहा टाक." त्यांच्यावर माझं प्रेम होतं हे मला त्या वर्षांत कळलं, कारण त्यांच्याशी बोलायला काही नसतानाही मी दर शुक्रवारी त्यांची वाट बघत असे.

दोन हजार एकमध्ये त्यांनी जायचं ठरवलं. साखर वाढली होती, गुडघे धरत होते, पिकअपचा क्लच दाबताना तोंड वाकडं होई. लाँड्रीच्या मालकाने त्यांना एक सूट शिवून दिला, जो बंदरात घालायचा कुठे हा प्रश्नच होता. जायच्या दिवशी शुक्रवार होता आणि विमान संध्याकाळचं. दुपारी आम्ही जेवायला बसणार इतक्यात दार वाजलं. दारात भोईर. केस पिकलेले, अंगावर रुवैसची धूळ, हातात खजुराचा डबा. पहाटे निघालो होतो म्हणाला.

जेवणं झाली. भोईरने हात धुतले, पुसले आणि तो खाली बसला नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने एकदम इस्माईलचं सुरू केलं. तीच डावी लाथ, तोच दम, तोच खालून वर चढणारा आवाज. आठ वर्षांत तो एक शब्दही विसरला नव्हता. रुवैसच्या उन्हात उभा राहून त्याने हे किती वेळा मनात म्हटलं असेल कोण जाणे. तो थांबायला तयार नव्हता. माफी मागायची ती त्याची पद्धत होती. दुसरी कुठली त्याला येतही नव्हती. शेवटी त्याचा दम सुटला. छाती धपापत होती. तो पंचांकडे बघत उभा राहिला, आता त्यांनी उठावं, हात पाठीमागे बांधावेत आणि जनूला मैदानात आणावं म्हणून. मीही मनात तेच म्हणत होतो. उठा, एकदा उठा.

पंच म्हणाले, "बरोबर हाय तुझा. इस्माईल चांगलाच खेळायचा." ते हसले, अगदी नीट, सभ्यपणे. भोईरचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, खजूर कुठले विचारलं, मुलाचं शिक्षण कुठवर आलं विचारलं. भोईर उत्तरं देत होता. मी पंचांना इतक्या वर्षांत कुणाशी एका झटक्यात सहमत होताना पाहिलं नव्हतं, आणि ते दृश्य मला बघवेना. निघताना दोघांनी मिठी मारली. भोईर खाली माझ्या गाडीपर्यंत आला, बॅगा त्यानेच डिकीत ठेवल्या, आणि गाडी वळेपर्यंत तो फुटपाथवर उभा होता.

गाडीत मी न राहवून विचारलं, "पंच, आता तरी सांगा. तुमच्या मनात कोण? जनू की इस्माईल?"

ते बाहेर बघत म्हणाले, "खरं सांगू? भोईर बोलत होता तेव्हा मी बघायला गेलो. डोळे मिटून. मना काय दिसलाच नाय. इस्माईल म्हटला की मना मुसलमान दिसतो. जनू म्हटला की हिंदू दिसतो. दोघं नुसते उभे हायत. खेळत नायत. मी तिथं रेषेवर होतो रे, इतकी वर्षं. माझे डोळ्यांनी बघलेले. ते सगळे सामने गेले."

गुडघ्यांचं दुखणं सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं होतं, आणि कुठल्याही डॉक्टरकडे नेता येणार नव्हतं. विमानतळ जवळ येत होता. मग मी बोलू लागलो. मी बारावीत होतो तेव्हा खाडीकाठच्या खारेपाटातल्या एका गावच्या मैदानावर पाहिलेला सामना. जनू आपल्या गावाकडून खेळत होता. शेवटची चढाई, समोर तिघं उरलेले, एका पॉइंटवर सामना. जनू झोपेतून उठल्यासारखा गेला. एकाला हात लावला, आणि वळतो तोच कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा घोटा धरला. मग दुसरा कमरेवर पडला. जनू जमिनीवर पालथा. पण दम चालू होता, 'कबड्डी कबड्डी' ऐकू येत होतं, आणि तो दोघांना अंगावर घेऊन कोपरांवर सरकत रेषेकडे येत होता. मी खाडीच्या बाजूला नव्हतो, कडुलिंबाच्या झाडावर होतो, सगळं दिसत होतं.

पंच माझ्याकडे वळून ऐकत होते. आपण जाऊ न शकलेल्या सामन्याची हकिगत ऐकावी तसे. त्या दिवशी मध्यरेषेशी वाकून, जनूच्या बोटांपासून वीतभर अंतरावर डोळे लावून जो उंच सडपातळ पंच उभा होता, तो हसन मुकादमच होता. शिट्टी त्यांचीच होती. मी तेव्हा त्यांना नावाने ओळखत नव्हतो, पण ती पाठ मी पुढे करामाच्या खोलीत दर शुक्रवारी पाहिली होती.

टर्मिनलच्या दारापाशी मी गाडी लावली. ते उतरेनात.

"मग?" त्यांनी विचारलं. "पोचला काय रेषेला?"

"पोचला," मी म्हटलं. "बोटं टेकली. पंचांनी पॉइंट दिला."

"चांगला खेळला म्हणायचा," पंच म्हणाले आणि दार उघडून बॅगा काढायला मागे गेले.